यंत्र बंद पडलं, की पडलेलं दिसलं?

कारखान्यातलं एक यंत्र बंद पडलं आहे. कोरियन तंत्रज्ञ ही बातमी वरिष्ठांना निदान चार तऱ्हांनी देऊ शकतो. 'सॉस्सॉयो' म्हणजे बंद पडलं, एवढंच. 'सॉत्तॅयो' म्हणजे बंद पडल्याचं कुणीतरी सांगितलं. 'सॉदॉरागोयो' म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत थांबलं. 'सॉत्तॉरागोयो' म्हणजे मी पोहोचलो तेव्हा ते थांबलेलंच होतं. धातू तोच, कर्ता तोच. बदलतो तो क्रियापदाचा शेवट. दुभाष्याने चारही वेळा 'मशीन बंद पडलं' असं सांगून टाकलं, तर मराठी कानाला काहीच खटकणार नाही. तरीही यातली तीन भाषांतरं चुकीची आहेत, असं माझं मत आहे. पुढचा प्रश्न 'किती वाजता पडलं?' असा आला, की त्याचं उत्तर यांपैकी एकाच माणसाकडे असतं आणि तो कोण हे आपण वाटेतच सांडून आलेलो असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मग 'मी पाहिलं की' असं जोडून द्या, मिटलं! पण तसं मिटत नाही. 'मी पाहिलं की पाऊस पडत होता' या वाक्यात पाहणं हाही एक दावा आहे. समोरचा 'तू कुठे पाहिलास?' म्हणून तोच खोडू शकतो. 'पीगा ओदॉरा' (पाऊस पडत होता, मी पाहिला) या कोरियन वाक्याला कुणी 'नाही' म्हटलं, तर तो नकार पावसाला जातो, पाहण्याला नाही. साक्ष इथे वाक्यात मांडलेली नसते, गृहीत धरलेली असते. म्हणूनच 'मी झोपलो' हे या रूपात सांगितलं तर कोरियन माणूस बुचकळ्यात पडतो, कारण स्वतःच्या झोपेचा साक्षीदार कसं होणार? स्वप्नात मी उडत होतो, हे मात्र खुशाल चालतं. तिथे आपण स्वतःलाच बाहेरून पाहत असतो. भावनांच्या बाबतीत गणित नेमकं उलटं. 'मुसॉप्तॉरा' म्हणजे मला भीती वाटली. दुसऱ्याच्या भीतीसाठी हे रूप चालत नाही, 'मुसॉवॉहादॉरा', म्हणजे तो घाबरल्यासारखा वागत होता, असं म्हणावं लागतं. मराठीत 'मला भीती वाटली' आणि 'त्याला भीती वाटली' यांत विभक्तीही बदलत नाही. दुसऱ्याच्या पोटात आपण बिनदिक्कत शिरतो. ही सगळी बंधनं निव्वळ तर्काची आहेत, असंही समजू नये. 1447च्या 'सॉक्पो सांगजॉल' या बुद्धचरित्रात साक्ष दाखवणारा हाच '-दॉ-' प्रत्यय प्रथमपुरुषी क्रियेलाही लागलेला दिसतो. म्हणजे आजचा काटेकोरपणा वापरातून, हळूहळू आलेला आहे.

ऐकीव माहितीच्या '-दॅ'बद्दल मराठी माणसाला वाटतं, हे तर आपलं 'म्हणे'च. इथेच घात होतो. आपल्या 'म्हणे'ला शंकेचा, कधी उपहासाचा वास असतो: 'साहेब म्हणे आजारी आहेत!' कोरियन '-दॅ' बहुतेक वेळा निर्विकार निरोप्या असतो. तो खरं-खोटं करत बसत नाही, फक्त 'हे माझं नव्हे' एवढं नोंदवतो. शिवाय मूळ बोलणं विधान होतं, प्रश्न होता, आज्ञा होती की 'चला, करू या' असं आवाहन होतं, हेही तो प्रत्यय जपतो. चौघांची रूपं वेगळी. 'पुजांगनिमी ओरॅयो' हे आज्ञेचं रूप. त्याचं साधं मराठी 'साहेबांनी बोलावलंय'. 'साहेब म्हणे ये म्हणताहेत' असं केलं, की निरोप आणणाऱ्या बिचाऱ्याच्या तोंडी आपणच आगाऊपणा घातला. (अफवेला कोरियनमध्ये 'खादॉरा थोंगशिन' म्हणतात: ग्योंगसांग बोलीतलं 'असं म्हणत होते' हे क्रियापद आणि त्याला वृत्तसंस्थेचा थाट! टिंगल करायची, तर ती भाषा अशी वेगळी सोय करते.)

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तुर्कीत ऐकीव भूतकाळाचं रूप बऱ्याचदा टाळताच येत नाही. कोरियनमध्ये मात्र साधं 'सॉस्सॉयो' म्हणायला कुणाची बंदी नाही. जे ऐच्छिक आहे, त्याचा एवढा बाऊ कशाला? मला नेमकं उलट वाटतं. सक्तीचा प्रत्यय सवयीने लागतो. मोकळीक असताना लावलेला प्रत्यय बोलणाऱ्याची निवड असते, आणि निवडीला अर्थ असतो. उच्चारांची साक्षही याच बाजूची आहे. 'वात्तॅ' म्हणजे आला असं ऐकलं आणि 'वात्ते' म्हणजे आलेला मी पाहिला. आजच्या सोलच्या बोलीत 'ॅ' आणि 'े' जवळजवळ एकच झाले आहेत. लिहितानाही लोक हटकून चुकतात. भेद खरोखर शोभेचा असता, तर तो इथेच विरून जायला हवा होता. पण बोलण्यात स्वानुभवासाठी लांबलचक '-दॉरागो' सर्रास वापरलं जातं आणि भेद शाबूत आहे.

रांजणगाव-तळेगावकडच्या कोरियन कारखान्यांत दुभाष्याचं काम करू पाहणाऱ्यांना म्हणूनच एवढंच सांगेन: 'मी गेलो तेव्हा बंदच होतं', 'बंद पडल्याचा निरोप आहे', 'माझ्या डोळ्यांदेखत थांबलं' ही मराठी वाक्यं जिभेवर तयार ठेवा. 'म्हणे' जपून वापरा. आणि शेवट '-त्तॅ' होता की '-त्ते', हे कानाला नीट कळलं नसेल, तर बोलणाऱ्यालाच विचारा: तुम्ही स्वतः पाहिलंत का? मगच पुढचं वाक्य उचला.