लूनाच्या गावातली रॅली

नगरमध्ये मोटारसायकल रॅली निघाली नाही असा महिना शोधून सापडायचा नाही. शिवजयंतीची, आंबेडकर जयंतीची, उमेदवारी अर्ज भरायला निघालेल्यांची, रस्ता सुरक्षा अभियानाची, नवरात्रात मोहटादेवीला निघालेल्या मंडळांची. आता त्यात रविवारी पहाटे हायवेच्या पेट्रोलपंपावर जमणाऱ्या हौशी ग्रुपची भर पडली आहे. यातल्या बहुतेक रॅल्यांत मी गाडी घेऊन गेले आहे आणि मला त्या मनापासून आवडतात. पन्नास-साठ इंजिनं एकदम सुरू होतात तेव्हा छातीत जे होतं ते एकट्याने गाडी चालवताना होत नाही. म्हणूनच रॅलीत कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आमच्या ग्रुपमध्ये तो उघडपणे निघाला चौंडीच्या राईडच्या वेळी. अहिल्यादेवींचं जन्मगाव आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. 31 मे 2025 ला त्यांच्या जन्माला 300 वर्षं झाली. ऐन जयंतीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही पुढचा एक रविवार धरला. जमायचं कुठे, चहा कुठे, जेवण कुठे, सगळं ठरलं आणि मग एकाने मांडलं, या वेळी 350 सीसीच्या खालची गाडी नको. स्कूटर तर नकोच नको. "ताई, फोटोत सगळं एकसारखं दिसलं पाहिजे. आणि लहान गाड्यांमुळे स्पीड मिळत नाही." बोलणारा मुलगा चांगला आहे, रात्री-अपरात्री कुणाची गाडी बंद पडली तर धावून जाणारा. पण मला ते ऐकवेना. नगरमध्ये बसून हे बोलावं?

हे लूनाचं गाव आहे. हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 मध्ये लूना बाजारात आणली आणि पुढे दौंड रस्त्यावरच्या कारखान्याने नगरला वेगळी ओळख दिली. माझे वडील त्या कारखान्यात होते. 50 सीसीचं इंजिन, सायकलसारखी पायडलं, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मोजून मिसळायचं. प्लगवर काजळी धरली की वडील अंगणात पोतं अंथरून बसायचे, प्लग काढून तारेच्या ब्रशने घासायचे, मग पॉलिश पेपर फिरवायचे आणि उजेडात धरून टोकाची फट बघायचे. मी शेजारी बसून पाना हातात द्यायची. गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवली. 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं लायसन सोळाव्या वर्षी मिळतं, त्यामुळे माझ्या वयाच्या नगरच्या कितीतरी मुलींची पहिली गाडी लूनाच. वांबोरी घाटात आम्ही दोघं तिच्यावर बसून चढायचो तेव्हा इंजिन दमलं की वडील पायडल मारून त्याला हातभार लावायचे.

ज्या घरांनी सायकलच्या पुढची स्वप्नं पाहिली नव्हती त्या घरांत पहिलं इंजिन आलं ते लूनाच्या रूपाने. शिक्षिका, नर्स, पोस्टमन, भाजीवाले. जिल्ह्याच्या दुधाचं तर काय सांगावं. राजदूत आणि एम-80 च्या दोन्ही बाजूंना किटल्या बांधून पहाटेच्या थंडीत खेड्यातून डेअरी गाठणारी माणसं ही इथली खरी रायडर. खड्डा कुठे, ऊस वाहणारा ट्रॅक्टर कुठून वळणार, पहिल्या पावसात कुठल्या वळणावर माती येते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? सीसीची अट दिसायला इंजिनाला लावलेली असते, प्रत्यक्षात ती माणसाच्या पगाराला लागते. आज बुलेट घ्यायची तर शेतकऱ्याच्या पोराला कर्ज काढावं लागतं, आणि तो काढतोही. रॅलीत शिरता यावं म्हणून कर्ज काढणारी मुलं मी पाहिली आहेत. त्याचं मला फार वाईट वाटतं.

माझी स्वतःची गाडी मात्र 350 ची बुलेट आहे, माझ्या पगारातून घेतलेली. त्यामुळे त्या अटीत मी बसत होते. पण आत घेतलं म्हणजे सामावून घेतलं असं होत नाही, हे मी बाई म्हणून फार आधी शिकले.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर निघालेल्या बायकांचे फोटो दरवर्षी छापून येतात. मीही तशी निघाले आहे. त्यात एक पक्की रीत असते. सुरुवातीला ओरडा होतो, "लेडीजच्या गाड्या पुढे घ्या!" फोटो निघतात, ड्रोन डोक्यावरून फिरतो. फेट्यावर हेल्मेट बसत नाही म्हणून हेल्मेट हँडलला लटकवायला सांगतात. फोटो झाले की तेच कार्यकर्ते येतात, "ताई, आता तुम्ही मागे राहा. पुढे गर्दी आहे." 2016 चा पाडवा मला चांगला आठवतो. ती 8 एप्रिलची तारीख होती. आम्ही अशाच मागच्या रांगेत होतो आणि संध्याकाळपर्यंत बातमी आली की शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला. आपल्या नेवासे तालुक्यातलं ठिकाण, सगळ्या देशाचे कॅमेरे तिथे लागलेले. आम्ही मैत्रिणींनी एकमेकींना फोन केले. आनंद झालाच, पण एकीने विचारलं ते खरं होतं, आपल्या रॅलीत आपल्याला मधोमध कधी चालवू देणार?

पुण्यात 2011 मध्ये उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी बायकांचा 'बायकर्नी' हा मोटारसायकल ग्रुप काढला, तो पुढे देशभर पसरला. त्याची गरज का पडली हे मला कुणी समजावून सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या मुलींना वेगळा ग्रुप काढता आला. पाथर्डी, शेवगाव, कर्जतच्या मुलीला तो पर्याय नाही. तिच्या गावात गाडी चालवणाऱ्या चार बायका असतील, त्यांनी गावच्या रॅलीतच जायचं.

"मागे राहा" यात फक्त मानापमान असता तर मी गप्प बसले असते. त्यात जिवाचा धोका आहे, आणि तो रॅली काढणाऱ्यांना दिसत नाही. एकदा आम्ही पाथर्डी रस्त्याने मोहट्याला निघालो होतो. पुढे मोठ्या गाड्या, मागे आम्ही दोघी-तिघी, काही 125 च्या गाड्या आणि सगळ्यात शेवटी स्प्लेंडरवर एक नवरा-बायको. पुढचा लीडर हायवेला 60-65 ने चालला होता, म्हणजे वेग काही वावगा नव्हता. पण प्रत्येक गावात स्पीडब्रेकर असतो. लीडर तो ओलांडतो आणि पुन्हा वेग धरतो. मागचा अजून ब्रेकवर असतो. त्याच्या मागच्याला आणखी थांबावं लागतं. अशी प्रत्येक गाडीमागे थोडी थोडी फट वाढत जाते आणि ती सगळी भरून काढायची वेळ येते शेवटच्यावर. पुढचा 60 ने निवांत चालतो तेव्हा शेपटाला 80-90 ने पळावं लागतं. सगळ्यात कमी ताकदीची गाडी आणि सगळ्यात कमी सवयीचा हात, यांनाच सगळ्यात जोरात पळायला लावलेलं असतं. करंजी घाटात शिरताना स्प्लेंडरवाले मागे पडले होते. गाठायचं म्हणून त्यांनी वळणावर ट्रकला ओव्हरटेक केलं आणि समोरून एसटी आली. ड्रायव्हरने गाडी कड्याकडे दाबली म्हणून ते वाचले. घाट चढल्यावर त्या बाईंनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "आम्हाला सोडून जातील असं वाटलं वो." वर पोचलेली मंडळी तोवर सेल्फी काढत होती, आणि कुणीतरी म्हणालं, असल्या गाड्या घेतल्या की असंच होतं.

त्या दिवसापासून मी एक हट्ट धरला आहे. लहान गाडी आणि नवखा माणूस लीडरच्या लगेच मागे. मोठी गाडी आणि मुरलेला माणूस शेवटी. लीडरने आरशात लहान गाडी दिसेल तेवढाच वेग धरायचा. एकाआड एक, डावी-उजवी अशी ओळ लावायची, घाटात एकेरी. यात काही नवीन नाही, शिस्तीचे ग्रुप हेच करतात. पण आमच्याकडे हे सांगितलं की मान आडवा येतो, पुढे चालण्याचा मान मोठ्या गाडीचा. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून दरवर्षी नगरवरूनच पंढरीला जाते. तिच्यात म्हाताऱ्या बायका डोक्यावर तुळस घेऊन चालतात आणि दिंडी त्यांच्या पायाने चालते. आपल्या डोळ्यांसमोरून जाणारं हे आपण दुचाकीवर बसलो की विसरतो कसं?

आता फिटरचाचांविषयी. शहरातल्या जुन्या बुलेटवाल्यांत त्यांना न ओळखणारा विरळा. पाइपलाइन रोडपासून भिंगारपर्यंतच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. जुन्या बिडाच्या इंजिनाची गाडी आणली की ते आधी काहीच करत नाहीत. किक मारायला सांगतात, डोळे मिटून उभे राहतात, टॅपेटचा आवाज ऐकतात आणि मगच पाना उचलतात. पॉइंट साफ करून, फट लावून गाडी अशी सोडतात की सुटे ठोके मोजून घ्यावेत. त्यांच्या दुकानात रॅलीच्या आदल्या रात्री बारापर्यंत पोरं बसलेली असतात. झेंडा कसा बसवायचा, त्याचा क्लॅम्पही चाचाच वाकवून देतात. पण सकाळी "चाचा, चला" असं कुणी म्हणत नाही. चाचा मुसलमान आहेत, हे कुणी बोलत नाही आणि सगळ्यांना माहीत असतं.

इथे मला स्पष्ट लिहायचं आहे. काही रॅल्या ठरावीक गल्लीसमोर आल्या की मुद्दाम रेंगाळतात. क्लच दाबून रेस देतात, बदललेल्या सायलेन्सरचे फटाके फोडतात, घोषणांचा सूर चढतो. जयंती ज्यांची असते त्यांच्याशी या प्रकाराचा काही संबंध नसतो. अशा रॅलीतून मी गाडी बाजूला काढून घरी गेले आहे आणि पुढेही जाईन. रॅलीत सर्वांना जागा असावी असं मी म्हणते तेव्हा यांना नाही. दारू पिऊन आलेल्याला नाही. ट्रिपल सीटला नाही. पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात बापाने दिलेल्या बुलेटला नाही, मग तो बाप कितीही मोठा असो. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही कायद्याने सक्तीचं आहे, तेव्हा फेटा हवा असेल तर पोचल्यावर बांधावा. माणूस कोण आहे, गाडी कितीची आहे, हे विचारू नका. तो रस्त्यावर इतरांशी कसा वागतो ते मात्र कडकपणे विचारा.

चौंडीच्या बैठकीत मी हे सगळं बोलले. आवाज चढला. दोघं उठून गेले, त्यातला एक परत आला नाही. एका वयस्कर दादांनी विचारलं, ज्यांच्या गावाला निघालोय त्यांनी घाट, धर्मशाळा, विहिरी बांधल्या त्या काय फक्त होळकरांच्या माणसांसाठी? त्यावर बरेच जण गप्प झाले. सीसीची अट निघाली.

आम्ही सोलापूर रस्त्याने निघालो. लीडरच्या मागे दोन अ‍ॅक्टिव्हा, मग एक एम-80, मग कॉलेजच्या मुलींच्या स्कूटर, मग बाकीचे. शेवटी फिटरचाचा, डिकीत पाने, ट्यूब, क्लचच्या तारा आणि पेट्रोलची बाटली घेऊन. रुईछत्तीशीच्या पुढे एम-80 वाल्या काकांनी हात करून थांबवलं, त्यांना तंबाखू मळायची होती. सगळी ओळ थांबली. ज्याला एकसारखे फोटो हवे होते तो मुलगा खाली उतरून त्यांच्या गाडीचं जुनं हँडल, मडगार्ड निरखत बसला आणि ती विकणार का म्हणून विचारू लागला. काकांनी त्याला चांगलं सुनावलं. मिरजगावला चहा झाला. चौंडीला पोचायला ठरल्यापेक्षा बराच उशीर झाला, ऊन चढलं, काही जण कुरकुरले. पण कुणी मागे राहिलं नाही आणि कुणाला ऊर फुटेस्तोवर पळावं लागलं नाही. स्मारकासमोर फोटो निघाला. त्यात कुठल्याही दोन गाड्या एकसारख्या नाहीत.

आता पुढच्या राईडची बोलणी चालू आहेत आणि वाद नव्याच गोष्टीवर अडला आहे. 2024 मध्ये लूना परत आली, विजेवर चालणारी. आमच्यातल्या एका मुलीने तशी गाडी घेतली आहे आणि तिला यायचं आहे. काही जणांचं म्हणणं, जिला आवाजच नाही तिची कसली रॅली? चाचांची वेगळी अडचण आहे, "इसमें सुनने को क्या है बेटा?" पण शेवटच्या गाडीवर मीच, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे. खरी अडचण चार्जिंगची. माझं म्हणणं असं की मिरजगावचा चहा पाऊण तासाऐवजी दोन तासांचा करावा, हॉटेलवाल्याला आधी विचारून प्लग घ्यावा, विजेचे पैसे ग्रुपने भरावेत. दोन तास करायचं काय, असं विचारतात. गावात बाजार असतो त्या दिवशी जाऊ.