लोहाची गोळी आणि बाळाचा रंग

"डॉक्टर, या गोळीनं बाळ काळं होतं म्हणे?" हा प्रश्न माझ्या ओपीडीत वरचेवर येतो. बहुतेक वेळा सुनेच्या वतीनं सासूबाईच विचारतात. मला राग येत नाही. गोळी सुरू झाली की शौचाचा रंग काळा होतो, मग मनात शंका येणारच. पण बाळाचा रंग आईवडिलांकडून येतो, गोळीतून नाही.

गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. अशा वेळी जिना चढताना धाप लागते आणि घरचे म्हणतात, "दिवस गेलेत, दम लागणारच." मला खरी काळजी असते ती बाळंतपणाची. तेव्हा थोडंफार रक्त सगळ्यांचंच जातं. पण जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला तेवढंही झेपत नाही.

म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, किमान 180 दिवस. बाळंतपणानंतरही 180 दिवस. ही गोळी आणि चहा किंवा कॅल्शियमची गोळी यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. जेवणात लिंबू, आवळा असू द्या. मळमळत असेल तर रात्री जेवून घ्या. तरीही त्रास झाला तर गोळी परस्पर बंद करू नका, सांगा. ती बदलता येते.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथे हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि आपला आकडा स्वतः लक्षात ठेवा.