आधी मेन स्विच

पुण्यात सिंहगड रस्त्यावर मुठा नदीच्या अंगाला ज्या सोसायट्या आहेत, त्यांतल्या एकीत आम्ही राहतो. पावसाळ्यात इथे भाजीच्या भावासारखी क्युसेकची चौकशी चालते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी मुठेत येत होतं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. खडकवासला धरण तसं लहान, साठा दोन टीएमसीहूनही (अब्ज घनफूट) कमी. वर रात्रभर मुसळधार पाऊस कोसळला की पाणी धरून ठेवायला त्यात जागा उरत नाही. त्या पहाटे एकतानगरीत, निंबजनगरात पाणी शिरलं. आमच्या गेटपाशीही आलं.

जिन्यातून माणसं धडधडत खाली उतरली ती गाड्या काढायला. माझे सासरे, बाबा, त्यांच्याही आधी खाली होते. वीज मंडळात त्यांची नोकरी झालेली. आमचे सगळे मीटर पार्किंगमध्ये, कमरेएवढ्या उंचीवर. जमीन कोरडी होती तेवढ्यात बाबांनी लिफ्ट वर पाठवून बंद करायला लावली आणि मेन स्विच खाली ओढला. मग जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "आता कुणी पाण्यात पाय घालायचा नाही. गाड्यांचा विमा आहे."

एकजण चिडला. म्हणाला, "काका, निदान पंप लावून वरची टाकी तरी भरून घेऊ द्या. दोन दिवस पाणी कुठून आणायचं?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पंप खड्ड्यात, सगळ्यात खालच्या जागी. बाबांनी नाही म्हणजे नाहीच म्हटलं. जमिनीखालच्या टाकीत पुराचा गाळ गेला आणि पुढे आमचे हाल झाले ते खरंच. तरी दुपारी बातमी कळली आणि तो माणूस गप्प बसून राहिला. त्याच पहाटे डेक्कनच्या पुलाच्या वाडीत आपली हातगाडी पाण्यातून हलवताना तीन तरुण विजेचा धक्का बसून गेले होते. पुरात माणूस बुडूनच मरतो असं आपण धरून चालतो. शहरातल्या पुरात गुडघाभर पाणीही पुरतं, त्यात वीज उतरलेली असली तर.

तळमजल्यावरच्या आजींना चालता येत नाही. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी पहिल्या मजल्यावर नेलं. त्यांची इन्सुलिनची पेटी, चष्मा आणि कागदांची पिशवी सुनेच्या हातात होती. गॅसचा रेग्युलेटर काढायचं एका कॉलेजच्या मुलीला सुचलं. अग्निशमन दलाच्या आणि लष्कराच्या बोटी त्या दिवशी आमच्या भागात फिरल्या, पण आधी त्या जिथे घरांत पाणी शिरलं होतं तिथे गेल्या, आणि तेच योग्य होतं. ११२, १०१, १०८ हे आकडे प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेतच. पण पाणी गेटपासून जिन्यापर्यंत येतं तेवढा वेळ शेजाऱ्यांचाच असतो. त्या वेळात कुणी काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर सगळे गाड्यांकडे धावतात आणि आजी आत राहतात.

बाबांचा जन्म नारायण पेठेतला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, तेव्हा ते शाळकरी होते. आईचा हात धरून पर्वती चढल्याचं सांगतात. पण त्यांच्या मनात जास्त रुतलंय ते नंतरचं. पाणी ओसरलं म्हणून लोक वाड्यांत परतले आणि भिजलेल्या मातीच्या भिंती बसायला लागल्या. म्हणून पाणी उतरल्यावरही त्यांनी आम्हाला लगेच खाली जाऊ दिलं नाही. कंपाउंडची भिंत लांबून पाहिली, वायरमनने प्रत्येक मीटर तपासला, मगच दिवे लागले. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याने एका रात्रीत किती घरं आणि भिंती नेल्या, हे सहकारनगर-अरण्येश्वरच्या लोकांना विचारावं.

बाहेर फिरायला जाताना हेच शहाणपण जास्त लागतं, कारण तिथे बाबांसारखं कुणी पायरीवर उभं नसतं. २०२४ च्या आमच्या पुराच्या आधी महिनाही झाला नव्हता, ३० जूनला, लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातली पाचजणं वाहून गेली. पाऊस वर डोंगरात पडत असतो आणि आपल्या डोक्यावर नुसती भुरभुर असते. पाणी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज वाढला की क्षणभरही न थांबता काठावर यायचं. प्रवाहाच्या मधल्या खडकावर मुळात जायचंच नाही. माझी मुलगी ट्रेकला निघाली की कुठून चढणार, कुठे उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, एवढं कागदावर लिहून फ्रिजवर लावते. डोंगरात रेंज नसते, म्हणून तो कागद घरीच हवा.

पुरानंतर आम्ही वर्गणी काढून, रीतसर परवानगी घेऊन मीटर पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर नेले. खर्चावरून बरेच वाद झाले, पण काम झालं. आता विसर्ग वाढणार असल्याचा मेसेज संध्याकाळी आला की तेव्हाच वरची टाकी भरून घेतो. दर जूनला बैठक होते: मेन स्विच कुणाचा, लिफ्ट कुणाची, आजींची खुर्ची उचलणारे चौघे कोण, रात्री दारं कोण वाजवणार.

अडचण भाडेकरूंची आहे. करार अकरा महिन्यांचे, त्यामुळे यादीतली नावं दरवर्षी बदलतात. यंदा तळमजल्यावर नांदेडची तीन मुलं राहायला आली. मागच्या भिंतीपलीकडे नदी आहे हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनी त्यांना पार्किंगमध्ये नेऊन गाळाची खूण दाखवली, मग वर नेऊन स्विच दाखवला. मुलं रात्री दोन-दोनपर्यंत अभ्यासाला जागतात, म्हणून दारं वाजवायचं काम त्यांनीच मागून घेतलं. परीक्षा संपून ती गावी जातील तेव्हा त्या कामाला दुसरं नाव लागेल. ते अजून ठरायचंय.