बैठक आणि नाद

पाण्याचा हंडा डुगडुगत्या फळीवर ठेवू नये, हे आपल्या आजीला कुणी शिकवावे लागले नाही. घरात घडवंची होतीच. संगीताच्या यंत्रालाही अशी भक्कम घडवंची लागते काय, आणि तिच्यामुळे नाद खरोखर सुधारतो काय, हा प्रश्न वरवर चैनीचा वाटतो. पण कधीकधी तो कुटुंबाच्या गाठीच्या पैशाशी येऊन भिडतो.

आमचे बालपण दौंडला रेल्वेच्या चाळीत गेले. मनमाडकडची मालगाडी निघाली की लोर्नाच्या कोंकणी गीताखाली एक खोल गुरगुर उमटे. वडिलांनी रेकॉर्ड प्लेअरखाली शहाबादी फरशीचा तुकडा व त्याखाली सायकलच्या ट्यूबच्या चकत्या घातल्या होत्या. गुरगुर पुष्कळ कमी झाली.

त्यामागे शास्त्र आहे. ध्वनिमुद्रिकेच्या खाचेतील नागमोडी वळणे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शात मोजावी इतकी सूक्ष्म असतात. खाच हलली की खालचे टेबल हलले, हे सुईला कळत नाही. दोन्ही ती नाद म्हणूनच पुढे पाठविते. कर्ण्याचा स्वतःचा हादराही टेबलावाटे सुईपर्यंत परततो आणि आवाज घुमू लागतो. मात्र नुसता भक्कमपणा पुरत नाही. जमिनीत घट्ट रोवलेली लोखंडी मांडणी जमिनीचा कंप इमानेइतबारे वर पोचविते. वर वजन आणि खाली लवचिकपणा असला, तरच जलद कंप वाटेत अडतो.

कर्ण्यांची गोष्ट निराळी. ते कानाच्या उंचीवर आले व कोपऱ्यापासून दूर सरले, की बोल स्पष्ट होतात, खर्जाचा गोंगाट ओसरतो. हा लाभ उंचीचा आणि जागेचा. बैठक न डगमगणारी असली की पुरे. सीडीवरील आकडे प्रकाशकिरण वाचतो आणि किरकोळ चुका यंत्र गणिताने दुरुस्त करते. मोठा धक्का बसला तर गाणे अडखळेल, एरवी बैठकीने त्यात गोडवा येत नाही. ॲम्प्लिफायरला तर बैठकीची फिकीरच नाही.

शिरूरच्या माझ्या धाकट्या भावाला एका दुकानदाराने या साऱ्यांसाठी जड पोलादी मांडणी सुचविली. तिची किंमत आईच्या कानाच्या यंत्राएवढी होती, आणि दोन्ही खर्च एकाच वर्षी झेपणारे नव्हते. मांडणी चार दिवस घरी आणली. शिरूरला रेल्वे नाही. महामार्गावरील ट्रकची घरघर तेवढी. पुतण्याने पडद्याआड सीडी प्लेअर कधी जुन्या टेबलावर, कधी मांडणीवर ठेवावा, आणि आम्ही ओळखावे, असे ठरले. दहा खेपांपैकी पाच वेळा भावाचे उत्तर बरोबर आले. नाणे उडवूनही तेवढेच आले असते. तो हसला, आणि मांडणी परत गेली.

रेकॉर्ड प्लेअरसाठी गवंड्याकडून भिंतीत कडाप्प्याची फळी बसवून घेतली; घरातल्यांच्या पावलांचा धक्का आता सुईला लागत नाही. आईचे यंत्र त्याच महिन्यात आले. वडिलांच्या ध्वनिमुद्रिका इतक्या खरखरतात, हे तिला प्रथमच कळले. तरी तिने त्या थांबवू दिल्या नाहीत.

म्हणून बैठक घेण्यापूर्वी एवढेच पाहावे: हादऱ्याने बिघडेल असे या यंत्रात काही आहे काय? असेल तर दगड, रबर आणि भिंत पुष्कळ काम करतात. नसेल तर तो पैसा ऐकणाऱ्याच्या कानासाठी राखावा.