मामाची साइट, अपडेट प्लीज!

आपण मोबाइल दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, मग दुकानाची वेबसाइट वर्षानुवर्षं तशीच का बॉस?

फुलंब्रीत, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या मामाचं ठिबक-पाइपचं दुकान आहे. साइट २००७ची, एकदम फ्लॅशवाली! उघडली की आजोबांचा, म्हणजे अण्णांचा फोटो गोल फिरत यायचा. जुलै २०१८पासून क्रोम या साइटवर ‘नॉट सिक्युअर’ दाखवू लागलं. २०२० संपताना अ‍ॅडोबीने फ्लॅशचा सपोर्टच थांबवला आणि अण्णांच्या जागी उरला कोरा चौकोन. २०२३मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तरी साइटवर जिल्हा जुनाच.

नवीन करू म्हटलं की मामाचं एकच, “त्यात अण्णा आहेत गं.”

म्हणजे प्रश्न टेक्नॉलॉजीचा नव्हताच! मग आम्ही ठरवलं, अण्णा सगळ्यात वर, पण न फिरता. खाली मोठ्या अक्षरांत फोन नंबर, नवा पत्ता आणि पाइपचे भाव, तारखेसकट. सगळं मराठीत, मोबाइलवर नीट दिसेल असं. साइट सुरक्षित करणारं सर्टिफिकेट तर फुकट मिळतं. शेतात उभ्या गिऱ्हाइकाला अ‍ॅनिमेशन नको, भाव हवा असतो.

तुमच्या घरच्या धंद्याची साइट आज लंच ब्रेकमध्ये मोबाइलवर उघडून बघाच. फक्त जुनं काढण्याआधी घरी विचारा, त्यात कोण आहे?