साठ दिवस

करंजाडे हें गांव पनवेलच्या शेजारीं. जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं तेथें सिडकोच्या आंखणीप्रमाणें इमारती उभ्या राहिल्या, आणि पगारावर भिस्त ठेवून कर्ज काढणारीं कुटुंबें राहावयास आलीं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवधींत रिझर्व्ह बँकेनें रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला. बदलत्या व्याजाचीं कर्जें जड झालीं. पगार मात्र त्या मापानें कोण वाढवितो!

हप्ते थकत गेले कीं २००२ च्या कायद्यान्वयें बँक साठ दिवसांची नोटीस देते, व नंतर दिवाणी दावा न लावतां घराचा ताबा घेऊं शकते. शेतजमीन तेवढी या कायद्याबाहेर आहे. तिला जपण्याची रीत जुनी; १८७५ सालीं सुपे येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले, आणि १८७९ सालीं त्यांच्यासाठीं निराळा कायदा झाला. खाचराला कायदा जपतो, खाचरावरच्या बिऱ्हाडाला नाहीं, हें मला चमत्कारिक वाटतें.

परंतु खरी काळजी वाटते ती त्या साठ दिवसांची. नोटीस कपाटांत जाते. सहकर्जदार म्हणून सही केलेल्या पत्नीला ती ठाऊक असते. सासूबाईंना कळूं द्यावयाची नाहीं, गांवीं राहणाऱ्या थोरल्या भाऊंना तर नाहींच. वस्तुतः लेखी हरकत घेतल्यास बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावें लागतें. लिलावाची जाहिरात निघेपर्यंत सर्व बाकी भरून घर सोडवितां येतें. पण एवढी रक्कम एकट्यानें कोठून उभी करावी? त्यासाठीं सारें कुटुंब एकत्र बसावें लागतें. आणि कुटुंबाला बातमी कळते ती वर्तमानपत्रांत पतिपत्नींचीं नांवें व घराचा क्रमांक छापून आल्यावर. शेजारच्या बिऱ्हाडानें ती तोंवर वाचलेली असते.