पारखून घेतलेली श्रद्धा

ख्रिश्चन म्हटलं की बऱ्याच जणांना चर्च, फादर आणि 25 डिसेंबरचा केक एवढंच आठवतं. जरा ओळख वाढली की मग मैत्रिणी हमखास विचारतात, "तुमच्यात कॅथलिक, प्रोटेस्टंट, अजून काय काय असतं ना गं? मग यातलं खरं कोणतं?" व्हायवाला एक्स्टर्नलने विचारावा असा हा प्रश्न! एका वाक्यात उत्तर देता येत नाही आणि गप्प बसूनही सुटका होत नाही.

माझा तर या प्रश्नाशी लहानपणापासूनचा संबंध. घर प्रोटेस्टंट आणि शाळा कॅथलिक सिस्टरांची. शाळेत रोझरी, मारियामातेची मूर्ती, मिस्सा. घरी यातलं काहीच नाही. शाळेतल्या बायबलमध्ये 73 पुस्तकं आणि आजीच्या बायबलमध्ये 66! बाप्तिस्मा बाळपणी द्यायचा की मोठेपणी, पाणी शिंपडायचं की पाण्यात बुडवायचं, यावर तर पंथच्या पंथ वेगळे झालेले.

पण एक गोष्ट मला दोन्हीकडे सारखीच ऐकू यायची. उपासनेत सगळे उभे राहून आपल्या श्रद्धेची कबुली म्हणतात, तिला क्रीड म्हणतात. इ.स. 325 मध्ये निकेया या गावी (आजचं तुर्कस्तानातलं इझनिक) बिशपांची मोठी परिषद भरली. येशू हा स्वतः देव, की देवाने निर्माण केलेला कुणी श्रेष्ठ जीव, हा त्या वेळचा वाद. परिषदेने पहिल्या बाजूने कौल दिला आणि ती कबुली शब्दांत मांडली. 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर तिला आज म्हटलं जातं ते रूप आलं. एक देव, त्याचा पुत्र येशू जो माणूस झाला, वधस्तंभावर मेला आणि पुन्हा उठला, पवित्र आत्मा, पापांची क्षमा... कॅथलिक असो की प्रोटेस्टंट, एवढं सगळ्यांचं एकच.

आपल्या सिव्हिलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर आरसीसी बिल्डिंगमध्ये कॉलम वेगळे आणि पार्टिशनच्या भिंती वेगळ्या. भिंत इकडची तिकडे केली तर खोल्या बदलतील, पण कॉलम काढला तर? गाणी कोणती, पेहराव कोणता, उपास करायचा की नाही, या सगळ्या भिंती. संत पौलानेही रोमकरांना लिहिलेल्या पत्रात खाण्यापिण्यावरून एकमेकांना दोष लावू नका असं बजावलंय. पण करिंथकरांना लिहिताना ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान हे मात्र तो सगळ्यात महत्त्वाचं म्हणून सांगतो. कॉलम कोणता आणि भिंत कोणती, हे त्यालाही पक्कं माहीत होतं!

इथपर्यंत ठीक. ही सगळी चर्चा मला पुस्तकी वाटायची. मग माझ्या मावशीचं प्रकरण घडलं.

मावशी नागझिऱ्याच्या कडेला एका लहान गावात राहते. काका वनखात्यात वनरक्षक होते. मावशीला बरीच वर्षं डायबेटिस आहे. गावात कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा सुरू झाली आणि बाहेरगावचा एक प्रचारक येऊ लागला. गाणी छान, लोक प्रेमळ, मावशी रमली. मग हळूहळू शिकवण बदलली. खरा विश्वास असेल तर गोळ्या कशाला? गोळी घेणं म्हणजे देवावर संशय! आधाराला यशयाच्या 53 व्या अध्यायातलं एक वाक्य. मावशीने गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि तिला नागपूरला भरती करावं लागलं. पाय वाचला. पण त्या दिवसांत तिचा एकच प्रश्न होता, "माझाच विश्वास कमी पडला का गं?" तो ऐकून मला जखमेपेक्षा जास्त वाईट वाटलं. आजारी माणसाला बरं करणं राहिलं बाजूला, वर अपराधीही ठरवलं!

प्रचारकाने बायबलमधलं वाक्य दाखवलं होतं, मग ते चूक कसं म्हणायचं?

काकांनी याचं उत्तर त्यांच्या पद्धतीने दिलं. नागझिरा 1970 पासून अभयारण्य आणि 2013 पासून व्याघ्र प्रकल्पाचा भाग. काकांचं अर्धं आयुष्य त्या रस्त्यांवर गेलं. मातीतला एकच ठसा बघून ते कधी वाघ म्हणत नसत. मोठ्या बिबट्याचा ठसा आणि वाघाच्या बछड्याचा ठसा यांत गल्लत होऊ शकते. ते पुढचे-मागचे ठसे बघायचे, झाडावरचे ओरखडे बघायचे, मगच बोलायचे. काका म्हणाले, "एका वाक्यावर धर्म कसा ठरवता? मागचं-पुढचं वाचा ना."

आम्ही वाचलं. मावशी, आई आणि मी, दवाखान्यातच. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि खाली उडी टाक म्हणतो. देवदूत तुला झेलतील, असा शास्त्राचाच आधार देतो. म्हणजे शास्त्रवचन सैतानालाही पाठ होतं! येशू उडी मारत नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, असं तोही शास्त्राच्याच आधाराने सांगतो. पुढे नवव्या अध्यायात आजाऱ्याला वैद्याची गरज असते हे तो सहज बोलून जातो. पौलाचा सोबती लूक तर वैद्यच होता. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी मिशनचं हॉस्पिटल उभारलं, नागपूरचं मूर मेमोरियलही मिशनचंच. ही माणसं प्रार्थना करत होती आणि ऑपरेशनही करत होती. त्यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

यात नवीन काहीच नाही. बिरुया गावच्या लोकांनी प्रत्यक्ष पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्राशी रोज ताडून पाहिलं, आणि त्याबद्दल प्रेषितांच्या पुस्तकात त्यांचं कौतुकच आहे. आपल्या मराठी मातीतही अशी माणसं होऊन गेली. नागझिऱ्याजवळच्या तिरोडा स्टेशनवरून नागपूर-राजनांदगाव रेल्वे जाते. याच मार्गावर 1893 च्या सुमारास नारायण वामन टिळकांना एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. टिळकांनी तो शंका घेत घेत वाचला आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या मागोमाग उडी टाकली नाही. त्यांनी 1900 साली, स्वतःला पटल्यावरच घेतला. आणि ख्रिस्ती झाल्यावर टिळकांनी अभंग-कीर्तन सोडलं नाही. श्रद्धेचा गाभा बदलला, पण सूर मराठीच राहिला.

पंडिता रमाबाईंचं तर विचारूच नका! 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही आणि प्रश्न विचारणंही सोडलं नाही. त्रैक्याचा सिद्धान्त केवळ चर्च सांगतं म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली छापलाय. पुढे वाचत, प्रार्थना करत त्या येशूच्या देवत्वापर्यंत स्वतःच्या पायांनी पोचल्या. आणि मग केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, बायबल 1924 ला प्रसिद्ध झालं. खेड्यातल्या साध्या बाईलाही वाचता यावं, ही त्यामागची तळमळ. मला तर वाटतं, खोट्या शिकवणीवर याहून चांगलं औषध नाही. स्वतः वाचणाऱ्या बाईला फसवणं अवघड असतं.

आणखी एक कसोटी येशूनेच दिलीय, झाड फळावरून ओळखा. शिकवण ऐकून माणूस जास्त प्रेमळ, प्रामाणिक आणि निर्भय होतोय, की घाबरट, कर्जबाजारी आणि घरच्यांपासून तुटलेला? प्रश्न विचारला की सांगणारा समजावतो, की चिडतो? जो चिडतो त्याच्याबद्दल जरा सावध राहिलेलं बरं.

मावशी आता वेळेवर गोळ्या घेते. गोळी घेण्याआधी डोळे मिटून आभार मानते. प्रार्थना तिने सोडलेली नाही, आणि सोडावी असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, "खरं कोणतं?" या प्रश्नावर मी आता एवढंच म्हणते. गाभा घट्ट धरावा, बाकीच्या बाबतीत मन मोठं ठेवावं, आणि देवाच्या नावाने कुणी काही सांगितलं तर आधी तपासून बघावं. तपासण्याने श्रद्धा कमी होत नाही. सोनं कसाला लावलं म्हणून त्याची किंमत उतरते का?